गॉब्लिन : तो 'मला भीती वाटते' म्हणतो तो प्रसंग (स्पॉयलर आहेत)

माटुंगा_रोड

ज्यांना 'गॉब्लिन' ही कोरियन मालिका बघायची आहे आणि अजून बघितलेली नाही, त्यांनी इथूनच परत फिरा. पुढे सगळी गोष्ट उघड केली आहे.

परवा रात्री पाऊस कोसळत होता. शेवटची गाडी गेल्याचा आवाज आला, नवरा झोपला होता, माझा डोळा लागत नव्हता, म्हणून ही मालिका तिसऱ्यांदा लावली. टीव्हीएन वाहिनीवर २ डिसेंबर २०१६ ला सुरू होऊन २१ जानेवारी २०१७ ला संपलेली, १६ भागांची, किम उन-सूक यांनी लिहिलेली. गॉन्ग यू आणि किम गो-उन मुख्य भूमिकेत. कोरियात तिचं नाव 'दोक्केबी', म्हणजे तिथल्या लोककथांतला जादुई ताकदीचा जीव.

फार पूर्वी बघितलेल्यांसाठी थोडी आठवण. किम शिन हा कोरियातल्या जुन्या गोऱ्यो राजवटीतला सेनापती. लढाया जिंकून परत येतो आणि ज्या राजासाठी लढला तोच त्याला मारायचा हुकूम देतो. घरातल्यांनाही सोडत नाहीत. छातीत रुतलेल्या तलवारीसकट देव त्याला उठवतो आणि त्याचं मरण काढून घेतो, तो दोक्केबी होतो. ९३९ वर्षं तो आपल्या माणसांना एकेक करून पोचवतोय. ती तलवार फक्त दोक्केबीच्या नवरीला दिसते, आणि तिने ती उपसली की तो सुटणार, म्हणजे नाहीसा होणार. थोडक्यात, नऊशे वर्षं हा माणूस बायको शोधतोय ते स्वतःला मरण यावं म्हणून. आणि सापडते कोण, तर उन-ताक. लहानपणापासून भुतं दिसणारी, आई गेलेली, मावशीच्या घरी बोलणी खात वाढलेली शाळकरी मुलगी.

मला बोलायचंय ते मधल्या एका प्रसंगाबद्दल. तलवार उपसली तर तो मरेल हे उन-ताकला कळतं, ते त्याच्या तोंडून नाही, दुसऱ्याकडून. ती घर सोडून निघून जाते आणि एका स्की रिसॉर्टवर कामाला लागते. तो तिला शोधत तिथे येतो. आजूबाजूला सगळा बर्फ. ती त्याला जवळ येऊ देत नाही. आणि तिथे तो तिला म्हणतो की मला भीती वाटते. फार भीती वाटते. तुला माझी अजून गरज आहे असं तू म्हणावंस, म्हणजे तेवढं निमित्त धरून मी जगत राहीन, तुझ्यासोबत.

पहिल्या दोन्ही वेळा मी या प्रसंगाला रडले आणि पुढे गेले. या वेळी मोबाईल थांबवून बसले. तो 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणत नाही. तो भीती सांगतो, आणि लगेच काहीतरी मागतो. जो वीज पाडू शकतो, दार उघडून थेट क्युबेकला पोचू शकतो, ज्याचं मन दुखलं की शहरभर पाऊस पडतो, तो एका पार्टटाइम नोकरी करणाऱ्या मुलीकडून जगायची परवानगी मागतो.

आमच्या घरात, माहेरी आणि सासरी धरून, 'मला भीती वाटते' हे वाक्य मी एकाही मोठ्या पुरुषाच्या तोंडून ऐकलेलं नाही. बायकांच्या तोंडूनही क्वचितच. 'काळजी वाटते' ऐकलंय. 'टेन्शन आलंय' तर रोज ऐकते. 'पोचलीस की मिस्ड कॉल दे' हजार वेळा. भीती हा शब्द मुलांसाठी आणि अंधारासाठी राखून ठेवलाय.

तुम्हाला हा प्रसंग कसा वाटला? आणि अशा गोष्टींमध्ये, जिथे एक जण अमर असतो किंवा रक्त पिणारा असतो, तिथेच हे वाक्य आपल्याला इतकं का लागतं? मला खरंच जाणून घ्यायचंय.

ठाणे_स्लो

अगदी, अगदी. मी हा भाग गाडीत बघितला होता, विक्रोळीच्या आसपास. सव्वासातची गर्दी, एका हातात कडी, एका हातात फोन. फोन खिशात घातला आणि ठाण्यापर्यंत नुसता बाहेर बघत राहिलो.

पुरुष म्हणून सांगतो, 'टेन्शन' हा शब्द फार सोयीचा आहे. टेन्शन ऑफिसचं असतं, हप्त्याचं असतं, बाहेरून आलेलं असतं. भीती म्हटलं की ती माझी होते. माझ्या बायकोने मला कधी विचारलं नाही असंही नाही. विचारलं की मी म्हणतो, 'काही नाही गं, जरा टेन्शन आहे.' तिचा पुढचा प्रश्न तिथेच अडतो.

निळीशाई

प्रसंग सुंदर आहे हे मान्य. पण एक गोष्ट मला मालिका बघताना सतत टोचत होती आणि ती इथे कुणीतरी म्हणायला हवी.

ती मुलगी शाळेत आहे. कोरियन मोजणीने एकोणीस. तो दिसायला पस्तिशीचा आणि वयाने नऊ शतकांचा. आपलं जगणं-मरणं तो तिच्या हातात देतो. त्याला मोकळं वाटत असेल, पण त्या पोरीच्या डोक्यावर केवढं ओझं टाकलं! पहिल्यांदा समुद्राकाठच्या बांधावर वाढदिवसाची मेणबत्ती फुंकून ती काय मागते आठवतंय? पार्टटाइम नोकरी, मावशीच्या कुटुंबाचा काहीतरी बंदोबस्त, आणि एक बॉयफ्रेंड. तीन मागण्यांपैकी दोन नुसत्या जगता यावं म्हणून. अशा मुलीला 'तू हो म्हणालीस तर मी जगेन' हे ऐकवायचं? मी शाळेत शिकवते. वर्गात अशा मुली असतात, ज्या घरातल्या मोठ्यांच्या भीत्या वाहत असतात. आईची, आजीची, दारू पिणाऱ्या बापाची. त्यांना त्या भीत्या सांगितल्या जातात तेव्हा जवळीक वाटते, आपण मोठे झालो असं वाटतं, आणि अभ्यासाच्या वहीत महिनाभर काही उतरत नाही.

म्हणून मला तो प्रसंग बघताना हलल्यासारखं झालं आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी.

माटुंगा_रोड

निळीशाई, तुझं म्हणणं मी दोन दिवस मनात घोळवलं. ते खोडून काढायचं नाहीये मला. वयाचा मुद्दा मलाही पटतो, आणि लग्न मालिकेत मधली नऊ-दहा वर्षं गेल्यावर होतं, ती रेडिओवर निर्माती झालेली असते तेव्हा, यातच लेखिकेलाही तो मुद्दा जाणवला असावा असं माझं मत.

पण ओझ्याबद्दल एक सांगते. त्या प्रसंगाच्या आधी काय होतं ते बघ. तलवार उपसली की आपलं काय होणार हे तो तिच्यापासून लपवतो. ती बिचारी त्याला सुंदर करायचं म्हणून तलवार ओढायला जाते. पहिल्यांदा हाताला लागतच नाही, मग लागते, खरंच हलते, आणि कळ असह्य होऊन तो तिला दूर ढकलतो. ती हवेत फेकली जाते आणि तोच धावत जाऊन तिला झेलतो. तोपर्यंत तिला काही माहीत नाही. म्हणजे ओझं तिच्या खांद्यावर तेव्हाही होतंच, फक्त तिला न सांगता ठेवलेलं. मला ते जास्त क्रूर वाटतं. भीती सांगितल्यावर निदान तिला 'नाही' म्हणता येतं. आणि ती म्हणतेही. पळून जाते, चल निघ इथून म्हणते.

तुझ्या वर्गातल्या मुलींना 'नाही' म्हणायची सोय नसते. तो फरक मला मान्य आहे.

निळीशाई

हो. लपवून ठेवलेलं ओझं हे मी धरलं नव्हतं. विचार करते.

शेवग्याची_शेंग

मी व्हॅम्पायरवाली. 'द व्हॅम्पायर डायरीज' (२००९ ते २०१७, १७१ भाग) दोनदा आणि 'बफी' एकदा पूर्ण बघितली आहे. धाग्याचा प्रश्न वाचून बसल्या बसल्या तुलना केली.

'बफी'मध्ये एंजल या व्हॅम्पायर नायकाला शाप असतो. सुखाचा एक निखळ क्षण मिळाला की त्याचा आत्मा जातो आणि तो राक्षस होतो. १९९८ च्या सुरुवातीच्या त्या दोन भागांत तेच होतं. म्हणजे तिथे भीती ही की 'मी तुझं काय करून बसेन'. तिकडच्या बहुतेक व्हॅम्पायर नायकांची भीती याच जातीची. माझ्यापासून लांब राहा, मी घातक आहे. बघायला भारी वाटतं, पण त्यात तो स्वतः सुरक्षितच राहतो. घातक असणं ही पण एक ऐटच आहे.

'डायरीज'मधल्या डेमन या व्हॅम्पायरचं वेगळं. दुसऱ्या सीझनमध्ये तो नायिकेच्या, एलेनाच्या खोलीत येतो, तिची हरवलेली साखळी परत आणलेली असते. ती साखळी गळ्यात असली की व्हॅम्पायरची मोहिनी चालत नाही. ती गळ्यात घालायच्या आधी तो तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे, मी तुझ्या लायक नाही, माझा भाऊ आहे. आणि हे तू विसरशील असं म्हणून मोहिनी घालतो. एलेना डोळे मिटून उघडते तर साखळी गळ्यात, खोलीत कुणी नाही.

तेव्हा मी वीस वर्षांची होते आणि तो प्रसंग मला जगातला सगळ्यात हळवा प्रसंग वाटला होता. आता वाटतं, हा तर सगळं बोलला आणि काहीच बोलला नाही. ऐकणाऱ्याच्या डोक्यातून पुसायची सोय असेल तर कुणीही बोलेल. त्याच सीझनमध्ये पुढे रोझ ही त्याची मैत्रीण मेल्यावर तो रात्री रस्त्यावर आडवा पडतो आणि एका अनोळखी मुलीला सांगतो की मला माणूस असण्याची आठवण येते, जगात दुसऱ्या कशापेक्षाही जास्त. आणि मग तिलाच मारतो. म्हणजे खरं बोलायचं तर ऐकणारा एक तर विसरला पाहिजे, नाहीतर उरला नाही पाहिजे.

किम शिन उन-ताकला काही विसरायला लावत नाही. तो बोलतो आणि तिथेच उभा राहतो. मला वाटतं धाग्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे.

ठाणे_स्लो

शेंग, 'तिथेच उभा राहतो' याला अनुमोदन. बोलून झाल्यावरचं ते अर्धं मिनिटच अवघड.

आजीचा_बटवा

मी साठी ओलांडलेली, सुनेने ही मालिका लावून दिली आणि मी तिच्या आधी संपवली. सबटायटल वाचायला चष्मा बदलावा लागला.

शेंगेने पुसून टाकण्याचं लिहिलं त्यावरून मला त्या दुसऱ्या जोडीबद्दल लिहायचंय, कारण माझा जीव त्यांच्यात जास्त अडकला. यमदूत आणि सनी. ली डाँग-वूक आणि यू इन-ना. या यमदूताला आधीच्या जन्मातलं काही आठवत नाही, नावसुद्धा नाही. सनी साधं नाव विचारते तर हा गडबडतो आणि किम वू-बिन असं काहीतरी ठोकून देतो. पुढे कळतं की ज्या राजाने किम शिनला मारलं तोच हा, आणि सनी म्हणजे त्याची राणी, किम शिनची बहीण. हे कळल्यावर तो काय करतो? सनीच्या डोळ्यांत बघून सांगतो की चांगल्या आठवणी तेवढ्या ठेव, बाकीच्या आणि मी, सगळं विसर. तिच्या भल्यासाठी. आणि ती विसरतच नाही! सगळं आठवत असताना विसरल्यासारखी वागते, आणि या जन्मात तुला भेटणार नाही अशी शिक्षा त्याला देते.

मी त्या भागाला खूप वेळ बसून राहिले. 'तुझ्या भल्यासाठी सांगितलं नाही' हे वाक्य आमच्या पिढीने किती वेळा ऐकलं. आमच्या सासऱ्यांना गिरणी संपाच्या वेळी वर्ष वर्ष पगार नव्हता. संप १९८२ च्या जानेवारीत सुरू झालेला. सासूबाईंना त्यांनी सांगितलंच नाही की कामावर परत घेणार नाहीत. रोज सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडायचे. लालबागला बाकावर बसून यायचे. सासूबाईंना माहीत होतं. डब्यात रोज भाकरी बांधून देत होत्या आणि संध्याकाळी 'आज उशीर झाला का' विचारत होत्या. दोघंही गेली. कोण कुणाला जपत होतं ते मला अजून सांगता येत नाही.

आणि एक. दोक्केबीला आपल्याकडचा शब्द शोधत होते. भूत नव्हे, राक्षस नव्हे. माझं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा वेतोबा तुमच्यापैकी काहींनी बघितला असेल. गावचा राखणदार. रात्री गावातून फेरी मारतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला चामड्याच्या मोठमोठ्या चपला वाहतात. लहानपणी मी त्या चपलांचे तळ बघायची, झिजले आहेत का म्हणून. किम शिन मला तसा वाटला. राखण करून करून पाय झिजलेला. आम्ही त्याला चपला वाहिल्या, केळी वाहिली. एवढ्या रात्री एकटा फिरतोस तर तुला भीती वाटते का, असं कधी कुणी विचारल्याचं ऐकलं नाही.

शेवग्याची_शेंग

बटवा आजी, डब्याचं वाचून मला पुढे काही सुचेना. एवढंच लिहिते की वाचलं.

कारवार_ते_करीरोड

थोडं विषयांतर होईल, पण आपल्या मराठी मालिकांत हे का येत नाही? 'रात्रीस खेळ चाले' मी आवडीने बघितली. २०१६ चं पहिलं पर्व आलं तेव्हा आमच्या चाळीत रात्री साडेदहाला जिन्यावर कुणी जात नसे. दुसऱ्या पर्वातले अण्णा नाईक आणि शेवंता दोघंही ताकदीचे होते. पण तिथे भीती प्रेक्षकाला वाटायची, पात्रांनी एकमेकांपाशी ती कबूल करायची नसायची. अण्णा घाबरले की ओरडायचे. ओरडणारा माणूस घाबरलेला असतो हे मला खूप उशिरा कळलं, मालिकेतलंही आणि घरातलंही.

ओलीछत्री

मी या संस्थळावर नुसतं वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

तलवार फक्त नवरीला दिसते, आणि ती दिसत असूनही उन-ताक सुरुवातीला बोलत नाही. तो मुद्दाम विचारतो, माझ्याकडे बघून तुला काय दिसतं? ती सांगते उंची, कपडे. तलवारीचं नाव काढत नाही. पहिल्या ओळखीत कुणाच्या दुखऱ्या जागी हात घालू नये म्हणून. हे बघताना मला आमचे बाबा आठवले.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस. बाबांचं ऑफिस कलिन्याला, घर मुलुंडला. मी दहावीत. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला घरी आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात एकच बूट, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. आईने दार उघडलं. ते म्हणाले, 'पाणी तापव.' अंघोळ केली, वरणभात जेवले, झोपले. नंतर कुणी विचारलं की सांगायचे, 'एलबीएस रोडने चालत आलो, बरेच लोक होते सोबत.' बस. वीस वर्षांत याच्यापुढे एक शब्द नाही.

पण त्या ऑगस्टपासून त्यांच्या ऑफिसच्या बॅगेत एक नायलॉनची दोरी आणि एक बॅटरी असते. पांढरी-निळी दोरी, आठाच्या आकारात गुंडाळलेली, दोन रबरबँड लावून. ते निवृत्त झाले, बॅग गेली, आता भाजीच्या कापडी पिशवीत दोरी असते. आई कोथिंबीर काढताना ती बाजूला काढून ठेवते आणि पिशवी रिकामी झाली की परत आत ठेवते. आम्ही तिघंही बघतो. कुणी बोलत नाही.

मी पण उन-ताकसारखी, उंची आणि कपडे सांगत राहिले.

माटुंगा_रोड

ओलीछत्री, तुझा प्रतिसाद मी नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला.

धागा काढताना मी एक गोष्ट लिहिली नव्हती. आता लिहिते. गेल्या वर्षी नवऱ्याची बायपास झाली. आदल्या रात्री मी त्याच्या कॉटशेजारच्या बाकड्यावर होते. साडेअकराला सिस्टर येऊन छातीवरचे केस काढून गेल्या. मग तो बोलायला लागला. विम्याची फाइल कपाटात कुठल्या कप्प्यात आहे. गॅसचं कार्ड. बँकेचा पासवर्ड, त्यातलं कुठलं अक्षर मोठं. सोसायटीच्या मेंटेनन्सचे दोन चेक दिलेत, तिसरा द्यायचाय. मी म्हणत होते, 'काही होत नाही रे, झोप.' तो परत म्हणाला, 'चेकचं लक्षात ठेव.' मी परत म्हणाले, 'काही होत नाही.' असं चार-पाच वेळा झालं. मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला, म्हणजे झोपला नाही, पाठ केली.

ऑपरेशन नीट झालं, तो आता रोज शिवाजी पार्कला दोन फेऱ्या मारतो. पण ती पाठ मला दिसत राहते. तो आपल्या पद्धतीने तेच सांगत होता, पासवर्डच्या भाषेत. आणि मी धीर द्यायच्या नावाखाली त्याचं तोंड बंद करत होते, कारण त्याने ते उघडपणे म्हटलं असतं तर मला माझं सांभाळता आलं नसतं. मीच घाबरले होते. ही मालिका तिसऱ्यांदा का लावली ते मला हा धागा लिहिता लिहिता समजलं.

निळीशाईने ओझ्याबद्दल लिहिलं ते म्हणूनच मला इतकं लागलं. ओझं द्यावं की नाही हा एक प्रश्न. पण त्या रात्री माझा माणूस द्यायला बघत होता आणि मी हातच पुढे केला नाही.

ठाणे_स्लो

ताई, 'काही होत नाही' हे मी पण म्हणतो. आईला म्हणतो. तिची मोतीबिंदूची तारीख आली आहे, ती सारखी विचारते की इंजेक्शन डोळ्यातच देतात का. आज विचारलं तर नीट सांगेन.

निळीशाई

माटुंगा_रोड, माझ्या पहिल्या प्रतिसादात मी मुलीच्या बाजूने बोलले आणि ती बाजू सोडत नाही. पण तुमची ती रात्र वाचल्यावर एक भर घालते. वयाने आणि ताकदीने बरोबरीची दोन माणसं असतील तर मग सांगायलाच हवं. उन-ताकच्या बाबतीतही, तलवार उपसली जाऊन तो नाहीसा होतो, आणि नऊ वर्षांनी ती मेणबत्ती फुंकते (तिने फुंकली की तो हजर होतो) आणि तो परत येतो, तेव्हा मला राग आला नाही. तेव्हा ती स्वतःच्या पायावर उभी असते. मधल्या त्या प्रसंगात, तो नाहीसा झाल्यावर, देव तिची आठवण पुसायला लागतो आणि ती पावसात वहीत घाईघाईने लिहिते, त्याचं नाव, त्याची उंची, हसताना तो कसा दुःखी दिसतो. मला तो प्रसंग स्कीवाल्यापेक्षा मोठा वाटतो. त्याची भीती सगळ्यांना ऐकू येते. तिची भीती त्या वहीत आहे.

आजीचा_बटवा

निळीशाई, वहीचं तू बोललीस ते फार बरं केलंस. सुनेला आत्ता बोलावून तो भाग परत लावायला सांगितला आहे.

कारवार_ते_करीरोड

धागा वर काढतोय. ओलीछत्री, बाबांशी काही बोलणं झालं का?

ओलीछत्री

झालं, थोडंसं.

रविवारी मुलुंडला गेले होते. आई देवळात. बाबा पेपर वाचत होते. मी पिशवीतून दोरी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं, 'बाबा, ही मला दिसते.' दुसरं काही सुचलं नाही. ते बराच वेळ दोरीकडेच बघत होते. मग पेपरची घडी केली.

म्हणाले, कुर्ल्याच्या पुढे पाणी छातीपर्यंत होतं. रस्ता आणि गटार कळत नव्हतं. कुणीतरी विजेच्या खांबापासून पलीकडच्या दुकानाच्या शटरपर्यंत दोरी बांधली होती, तिला धरून लोक एकामागे एक जात होते. त्यांच्या पुढे एक बाई होत्या, डोक्यावर पर्स. मध्यावर त्या थांबल्या. बाबा म्हणाले, 'त्या थांबल्या म्हणून मीही थांबलो, आणि मला वाटलं आता इथून माझ्याच्याने हलवणार नाही. पाय उचलत नव्हता.' किती वेळ ते त्यांना आठवत नाही. मग त्या बाई चालायला लागल्या. 'दोरी कुणी बांधली ते बघितलंच नाही मी,' असं दोनदा म्हणाले.

माझ्या तोंडावर 'आता काही होत नाही' आलं होतं. या धाग्यामुळे गिळलं. विचारलं, 'आणि पुढे?' तर म्हणाले, पुढे घाटकोपरला एकाने चहा दिला.

मग आपणहून उठले, दोरी हातात घेऊन एक गाठ मला दाखवली, सुटत नाही अशी. नायलॉन उन्हाने कडक होतं, दर दोन वर्षांनी मेच्या शेवटी नवीन आणतात हे मला तेव्हा कळलं. मस्जिद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटला जातात, किलोवर मिळते. या वर्षीची राहिली होती, गुडघा दुखतो म्हणून. शनिवारी आम्ही दोघं जाणार आहोत. मी म्हटलं आठ मीटर पुरेल. ते म्हणाले, दहा घेऊ, एक टोक तुझ्याकडे लागेल.